कोपरामागची नस

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या आसपासच्या वस्त्यांत, एका आजाराने लोकांची झोप उडवली होती. गुइलेन बारे सिंड्रोम असं त्याचं अवघड नाव; लोकांनी त्याचं 'जीबीएस' करून टाकलं. चालतीफिरती माणसं आधी पायाला मुंग्या आल्याचं सांगत, मग दोन-चार दिवसांत पायातलं बळच जाई. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. त्या दिवसांत 'मज्जातंतूंचा दाह' हे शब्द वर्तमानपत्रांत रोज छापून येत होते, आणि माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मला विचारत होते, "म्हणजे शीर दबली म्हणायचं का?"

त्यांचा दोष नाही. आपल्या बोलण्यात रक्त वाहून नेणारी ती शीर, स्नायू हाडाला बांधणारी तीही शीर, आणि मेंदूचा निरोप बोटापर्यंत पोचवणारी तीही शीरच. आमच्या घरात बोलतात त्या दखनीत 'रग' आणि 'नस' आहेत, पण त्यांनाही हा फरक ठाऊक नाही. 'मज्जातंतू' हा शब्द शाळेच्या पुस्तकातून आला आणि तिथेच राहिला. मीही या भाषणात सवयीने 'नस' म्हणणार आहे. आपण मज्जातंतू समजावं.

या नसेला सूज आली, दाह झाला, की ती चार प्रकारे कळवते. मुंग्या येतात. आग होते किंवा ठणका लागतो. मग त्या नसेच्या मुलखातली कातडी बधिर होते. आणि शेवटी त्या नसेवर चालणारे स्नायू लुळे पडतात. कारणं अनेक असतात. काही जंतू, ब जीवनसत्त्वांची उणीव, दारू, किंवा शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज उलटणं. जीबीएसमध्ये तसंच होतं. दोन्ही तळपायांची आग होत असेल तर आज आधी रक्तातली साखर तपासतात, कारण मधुमेह घरोघरी आहे, जरी त्यात दाहापेक्षा नसेची झीजच जास्त असते. कारण वेगळं तसा उपचार वेगळा, त्यामुळे 'नसांची गोळी' म्हणून दुकानातून आणून खाणं हा वेळ घालवण्याचा प्रकार आहे.

पण मला ज्या दाहाबद्दल बोलायचं आहे तो या सगळ्यांपेक्षा जुना आहे. माणसाने त्याला शतकानुशतकं ओळखलं, घाबरला, त्याच्यासाठी कायदे केले, वेशीबाहेर वस्त्या केल्या. फक्त तो नसेचा आजार आहे हे लक्षात घेतलं नाही. त्याला आपण कुष्ठरोग म्हणतो. आपल्याकडे 'रक्तपिती' म्हणत, 'महारोग' म्हणत. अरबी-फारसीतून आलेला शब्द 'जुजाम'. यातल्या एकाही शब्दात नस नाही.

माझे मामू शिंपी होते. तालुक्याच्या गावात, पेठेत, त्यांचं दहा बाय आठचं दुकान. १९९१ साली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि संध्याकाळी त्यांच्या दुकानात पुस्तक घेऊन बसायचो. गावात वीज जायची, म्हणून कोळशाची इस्त्री होती. एकदा पँटची घडी दाबता दाबता त्यांची उजवी करंगळी इस्त्रीच्या कडेला टेकली आणि टेकलेलीच राहिली. वास मला आधी आला. मी ओरडलो, तेव्हा त्यांनी हात उचलून बघितला आणि म्हणाले, "कुछ नै रे, हात सो गया है जरा." करंगळीवर टपोरा फोड आला होता. मामूंच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. मला त्याच गोष्टीचं बरं वाटलं होतं, हे आज आठवतं.

त्याच आठवड्यात मी वाचत होतो ते पुस्तक ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांचं. 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा त्यांचा संग्रह १८९१ साली निघाला. मराठीच्या विद्यार्थ्याला ॲक्वर्थ हा साहेब त्या एका कामामुळे माहीत असतो. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने त्याने गोंधळ्यांच्या तोंडून नाहीसे होऊ घातलेले पोवाडे टिपून घेतले, तानाजीचा पोवाडा जपला, पुढे १८९४ मध्ये इंग्रजीत अनुवादही छापले. मुंबईत वडाळ्याला ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे हेही मला ऐकून माहीत होतं. पण हे दोन ॲक्वर्थ एकच, हे मात्र मला मामूंच्या आजारपणानंतर फार उशिरा कळलं.

हॅरी ॲक्वर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. त्याने १८९० मध्ये लोकवर्गणी जमवून माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडलं. ते साल सहज आलेलं नाही. हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ मध्ये त्याच रोगाने गेले आणि साऱ्या युरोपात घबराट पसरली. हा रोग साम्राज्यातून आपल्या दारी येणार, अशी ती घबराट होती. लंडनमध्ये निधी उभा राहिला, हिंदुस्थानात १८९०-९१ मध्ये एक आयोग पाठवला गेला. आयोगाचे डॉक्टर देशभर हिंडले आणि त्यांनी लिहिलं की हा रोग संसर्गाने पसरत असला तरी फारच थोड्या प्रमाणात पसरतो. सगळ्यांना सक्तीने कोंडण्याचं कारण नाही. निधीच्या लंडनमधल्या समितीला हे पटलं नाही. घाबरलेल्या माणसाला 'घाबरू नका' म्हणणारा अहवाल आवडत नाही.

त्यानंतर आला १८९८ चा लेपर्स ॲक्ट. हा कायदा मी मुळातून वाचला आहे, आणि कविता लिहिणाऱ्या माणसाने कायदे वाचावेत असं माझं मत त्यानंतर बनलं. कुष्ठरोगी कोणाला म्हणायचं, याची व्याख्या त्यात आहे. ज्याच्या अंगावर व्रण पडायला सुरुवात झाली आहे, तो. आता गंमत बघा. व्रण हा जंतूने केलेला नसतो. नस मेली, कातडी बधिर झाली, मग काटा रुतला, निखारा लागला, चपलेने घासलं आणि कळलं नाही, म्हणून पडलेली ती जखम असते. अशा कितीतरी माणसांच्या अंगातला जंतू केव्हाच संपलेला असतो. म्हणजे ज्याच्यापासून दुसऱ्याला धोका उरलेला नाही तोच पुष्कळदा कायद्याने रोगी ठरत होता, आणि ज्याच्या नाकातून जंतू बाहेर पडताहेत पण अंगावर अजून व्रण नाही, तो मोकळा होता. भीक मागणाऱ्या निराधार रुग्णाला या कायद्याने पकडून आश्रमात ठेवता येई. आणखी एक कलम होतं. सरकारने तशी अधिसूचना काढली तर अशा माणसाला खाण्यापिण्याच्या वस्तू, औषधं आणि कपडे विकायला तयार करता येणार नाहीत. कपडे! मामूंना या कलमाखाली कधी कुणी हटकलं नाही. ते माहीत असलेला माणूसच आमच्या पेठेत नव्हता. पण गिऱ्हाइकांना कायद्याची गरज पडत नाही. हा केंद्राचा कायदा रद्द झाला २०१६ साली.

असो. त्या काळी डॉक्टरांना काय माहीत होतं, हे बघू.

बधिरता जुन्यांनाही दिसली होती. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या वर्णनात कातडीचं बधिर होणं येतं, आणि उपचारात तुवरकाचं तेलही येतं. कोकणात ज्याला कडू कवठ म्हणतात त्या जातीच्या झाडांच्या बियांचं हे तेल. त्याचंच भावंड चालमोगरा. विसाव्या शतकाच्या चाळिशीपर्यंत सगळ्या जगाकडे या रोगावर मुख्य औषध म्हणून हेच तेल होतं, टोचायला अतिशय दुखणारं आणि गुणाला अनिश्चित.

नॉर्वेत बर्गन नावाचं बंदराचं गाव आहे. तिथल्या डॅनिएल्सन आणि बोएक या डॉक्टरांनी १८४७ मध्ये या रोगाचं शास्त्रशुद्ध वर्णन छापलं आणि त्याचे दोन प्रकार सांगितले, एक गाठींचा आणि एक बधिरतेचा. डॅनिएल्सनना वाटे हा रोग रक्ताच्या नात्यातून येतो. ते सिद्ध करायला त्यांनी स्वतःच्या अंगात रुग्णाच्या गाठीतलं द्रव्य टोचून घेतलं. त्यांना काही झालं नाही. त्यांचे जावई गेरहार्ड हॅन्सन यांना १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखे जंतू दिसले. सासऱ्याचा सिद्धांत जावयाने मोडला. पण हॅन्सन यांच्यावरही एक डाग आहे. १८७९ मध्ये त्यांनी एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाचं द्रव्य टोचलं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि १८८० मध्ये हॅन्सन यांची रुग्णालयातली जागा गेली. एकोणिसाव्या शतकात एका गरीब कुष्ठरुग्ण बाईच्या तक्रारीवरून डॉक्टरला कोर्टात उभं राहावं लागलं आणि कोर्टाने तिचं ऐकलं, हे मला जंतूच्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

जंतू सापडला, पण बोटं का झडतात याचं उत्तर त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षं कुणी नीट शोधलं नाही. सगळे धरून चालले होते की मांस सडतं. हे उत्तर सापडलं तमिळनाडूत.

पॉल ब्रँड हे नाव आपल्याकडे व्हावं तितकं झालं नाही. १९१४ मध्ये कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला हा माणूस शस्त्रक्रियेचं शिक्षण घेऊन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. १९४७ मध्ये तो चिंगलपुटला कुष्ठरोग्यांची वसाहत बघायला गेला. एका रुग्णाचा पंजा झालेला हात त्याने हातात घेतला आणि म्हणाला, दाब. त्या वाकड्या बोटांनी त्याचा हात असा आवळला की त्याला कळ आली. हा हात लुळा नव्हता! बोटं सरळ करणारे छोटे स्नायू गेले होते, पण मूठ वळणारे, कोपराखालचे मोठे स्नायू धडधाकट होते. रोग सगळीकडे सारखा पसरत असता तर असं झालं नसतं.

मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग असलेल्या एका मृतदेहाच्या हातापायांतल्या नसा खांद्यापासून बोटांपर्यंत उघड्या करून पाहिल्या. नसा सगळीकडे सुजलेल्या नव्हत्या. ठरावीक ठिकाणी फुगल्या होत्या. कोपराच्या वर, मनगटापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, घोट्यापाशी. म्हणजे जिथे नस कातडीच्या अगदी जवळ येते तिथे. या जंतूला थंडावा लागतो. शरीराच्या आत खोलवर, उबेत, तो वाढत नाही. म्हणून तो नाकात, कानाच्या पाळीत, कातडीत आणि वर आलेल्या नसांत घर करतो. आपलं कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तीच ती नस. हाडामागच्या अरुंद घळीतून जाते. तिथे ती सुजली की जागा कुठे असते तिला? वरून आवरण घट्ट, खालून हाड. ती स्वतःच्याच सुजेने चेंगरते.

ब्रँडने आणखी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना. तो झटत होता, तेवढ्यात एक लहानसा रुग्ण मुलगा आला, म्हणाला, मी बघतो, आणि किल्ली फिरवली. ब्रँडला आश्चर्य वाटलं. मग जमिनीवर रक्ताचा थेंब दिसला. मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं गेलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून ब्रँड प्रत्येक जखमेमागचं कारण शोधू लागला. कुणी चुलीतला बटाटा हाताने काढला होता, कुणाच्या खिळा टोचलेल्या पायावर दिवसभर चालणं झालं होतं. काहींची बोटं सकाळी कमी झालेली असत. रात्री पहारा ठेवला तेव्हा उंदीर कुरतडताना सापडले. मांस आपोआप सडत नव्हतं. दुखत नव्हतं, म्हणून जपलं जात नव्हतं.

पुढे इंग्लंडच्या एका प्रवासात, रात्री मोजा काढताना, ब्रँडला आपली टाच बधिर लागली. त्याने टाचणी टोचली; कळलं नाही. ती रात्र त्याने आपल्याला रोग झाला असं धरून, बायकामुलांपासून दूर कसं राहायचं याचा विचार करत काढली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि वेदनेने ओरडला. गाडीत बसून पाय दबला होता, इतकंच. त्या ओरडण्यात किती आनंद होता हे त्याने पुढे लोकांना सांगितलं. माझे मामू मात्र दुकानात रोज सुई टोचून बघायचे, हे मला नंतर मुमानींनी सांगितलं.

ब्रँडने हाताच्या शाबूत स्नायूंच्या कंडरा वळवून बोटांना जोडल्या आणि पंजा झालेले हात उघडले. आपल्याकडे नोशीर अँटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे काम वाढवलं. अमरावतीचे शिवाजीराव पटवर्धन, वर्ध्याजवळ दत्तपूरचे मनोहर दिवाण, आनंदवनचे बाबा आमटे, सेवाग्रामला परचुरे शास्त्रींचे पाय चोळणारे गांधीजी, हे तर आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. वर्ध्याचे डॉ. वर्देकर यांचं नाव तेवढं घेतलं जात नाही. घरोघर जाऊन माणसं तपासायची, त्यांना समजावून सांगायचं आणि घरीच ठेवून औषध द्यायचं, ही पद्धत त्यांनी रुजवली. माझ्या मते आश्रमांपेक्षा हे काम अवघड होतं, आणि कमी दिसणारं.

औषधांचंही थोडक्यात सांगतो. १९४१ मध्ये अमेरिकेत कार्व्हिलला सल्फोन गटातलं औषध पहिल्यांदा लागू पडलं. त्यातूनच डॅप्सोनची स्वस्त गोळी आली. काही दशकांत जंतू तिला सरावले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने दोन-तीन औषधं एकत्र द्यायला सांगितलं. त्यात रिफॅम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेत बहुतेक जंतू मरतात. सहा महिन्यांत किंवा वर्षात रोग बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

इथेच मामूंची गोष्ट अडकली, आणि ती एकट्या मामूंची नाही.

इस्त्रीच्या प्रसंगानंतर अब्बांनी त्यांना दवाखान्यात नेलं. दंडावर एक फिकट चट्टा होता, बधिर. मामू त्याला उन्हाचा डाग म्हणत. गोळ्यांची पाकिटं सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात चट्टा लाल होऊन फुगला, कोपर ठणकू लागलं, उशीला टेकवेना. मामू म्हणाले, "गोळ्यों ने ही बिगाड़ा." घरातल्या सगळ्यांनाही तेच वाटलं, मलाही. गोळ्या थांबल्या. मोठ्या मुलीच्या निकाहची बोलणी चालू होती, तेव्हा परत दवाखान्याची पायरी चढायला कुणी तयार नव्हतं. दवाखान्यातल्या ज्या माणसाने पाकिटं दिली, त्याने असं काही होऊ शकतं हे आधी सांगितलं नव्हतं.

काय झालं होतं, ते आता मला ठाऊक आहे. औषधाने जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंचे तुकडे नसेतच पडून असतात. शरीराची फौज, जी इतकी वर्षं गाफील होती, ती जागी होते आणि त्या तुकड्यांवर तुटून पडते. लढाई होते ती नसेच्या आत. याला डॉक्टर रिॲक्शन म्हणतात. ती औषधाआधी, औषध चालू असताना किंवा संपल्यावरही येते. पहिल्या वर्षात तिचा धोका जास्त. ती आली म्हणजे औषध चुकलं असं नाही, आणि औषध थांबवायचं तर मुळीच नाही. त्याच्या जोडीला नसेची सूज उतरवायची असते. त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात. मोठ्या माणसाला बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर दोन-तीन आठवड्यांनी उतरवत नेतात. हे बारा ते चोवीस आठवडे चालतं. साखर, रक्तदाब, क्षय, पोटातला व्रण यांची तपासणी करून, डॉक्टरच्या नजरेखालीच ते घ्यायचं. मनाने सुरू किंवा बंद करायचं नाही. हाताला खपाचीसारखा आधार बांधून विसावा द्यायचा, ठणका थांबल्यावर बोटांचे व्यायाम करायचे.

आणि याला मुदत आहे. नस निकामी व्हायला लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाला तर पुष्कळदा बळ आणि जाणीव बरीचशी परत येते. त्यानंतर ती आशा झपाट्याने कमी होते. आणखी एक वाईट गोष्ट म्हणजे काहींची नस मुळीच न दुखता, गुपचूप जाते. म्हणून चांगल्या दवाखान्यात दर महिन्याला हातपाय तपासतात. त्याला मोठं यंत्र लागत नाही. डोळे मिटायला सांगतात आणि साध्या बॉलपेनच्या टोकाने तळहाताला हलकेच स्पर्श करतात. कुठे लागलं ते बोटाने दाखवायचं. मग करंगळी बाजूला ताणायला सांगून ती दाबून बघतात, डोळे घट्ट मिटता येतात का पाहतात, पाऊल वर उचलायला लावतात.

मामू परत डॉक्टरकडे गेले तेव्हा दहा महिने झाले होते. दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोपरामागे बोट फिरवलं. नस दोरखंडासारखी जाड लागत होती. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चार-पाच महिने आधी यायला हवं होतं." करंगळी आणि अनामिका तळहातात वळली होती. राहिलेल्या गोळ्या पूर्ण झाल्या, रोग गेला. पुढे शस्त्रक्रियेने बोटं बरीच सरळ झाली, पण बधिरता तशीच राहिली. इस्त्री त्यांनी सोडली. कात्री डाव्या हाताने धरायला शिकले. काजं करायला मुमानी बसू लागल्या. रोज रात्री दिव्याखाली मुमानी त्यांचा हात उलटसुलट करून बघत, कुठे टोचलंय का, भाजलंय का. मग पाण्यात भिजवून तेल लावत. दुकानातली गिऱ्हाइकं निम्मी झाली, कारण गावाला कळलं होतं. मुलीची बोलणी त्या वर्षी मोडली.

त्याच सुमारास नात्यातल्या एका समजूतदार म्हणवणाऱ्या गृहस्थाने मुमानींना सुचवलं होतं की कोर्टात गेलं तर सुटका होईल. ते खोटं नव्हतं. मुस्लिम स्त्रीला काडीमोड मागण्याचा हक्क देणारा १९३९ चा कायदा हा मोठा कायदा आहे. त्यासाठी भांडणाऱ्यांचे आपण ऋणी आहोत. पण त्याच्या कारणांच्या यादीत नवऱ्याला कुष्ठरोग असणं हेही एक कारण होतं. ते एकट्या आमच्याच कायद्यात होतं असं कुणी समजू नये. हिंदू विवाह कायद्यात होतं, ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या कायद्यात होतं, विशेष विवाह कायद्यातही होतं. याबाबतीत सगळ्या धर्मांचं एकमत होतं. सहा महिन्यांत बरा होणारा आजार जन्मभराचं लग्न मोडायला पुरेसा मानला जात होता. २०१९ मध्ये संसदेने एकाच दुरुस्तीने या सगळ्या कायद्यांतून ते कारण काढून टाकलं.

दरम्यान, २००५ च्या अखेरीस आपल्या देशात या रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर करण्यात आलं. 'निर्मूलन' या शब्दाने घात केला. मूळ उपटलं असंच लोकांना वाटलं, डॉक्टरांनाही वाटलं असावं; घरोघरचा शोध सैलावला. २०२३ मध्येही भारतात एक लाखाहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले, जगातल्या एकूण नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक. आपल्या राज्यात पालघर, गडचिरोली, चंद्रपूर अशा जिल्ह्यांत तो अजून आहे.

मामू २०११ मध्ये हृदयविकाराने गेले. २०१९ ची बातमी वाचली तेव्हा मी मुमानींकडे गेलो आणि त्यांना सांगितलं की ते कारण आता कायद्यात राहिलं नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "और वो छह महीने वाली बात? वो लोगां कू मालूम है क्या?" मी म्हटलं, डॉक्टरांना माहीत आहे. त्यांनी सूप खाली ठेवलं. गल्लीच्या टोकाला राहणारा एक मुलगा बेकरीत भट्टीवर कामाला होता. त्याच्या हातावर डाग आहे आणि हल्ली तो पावाच्या लाद्या काढताना बोटं भाजून घेतो, असं त्यांनी त्याच्या आईकडून ऐकलं होतं. "उसकू लेके जा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि बॉलपेन हातात घेतलं. अंगठ्याकडच्या चारही जागा त्याने बरोबर दाखवल्या. करंगळीखाली पेन टेकलं तेव्हा तो डोळे मिटून वाट बघत राहिला. मुंग्या केव्हापासून येतात, असं बाईंनी विचारलं. बोटांवर मोजून तो म्हणाला, बकरी ईदनंतर, म्हणजे तीन महिने.